साखर पेठेतली दृष्टितपासणी

उमाचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालून नुकतीच खाली आले होते. एरवी फोनवर मोठ्यानं बोलणारी ती पोरगी त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बाई, आई गेली." तिच्यामागं कुणीतरी कानडीत काहीतरी सांगत होतं, भांडी हलवल्याचा आवाज येत होता. मग म्हणाली, "झोपेतच गेली. सकाळी चहाला हाक मारली तर उठेचना." उमा मला बाई म्हणते, कारण तिची आई म्हणायची. गिरिजाला मी कधी शिकवलं नव्हतं. मी तिच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी आणि महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, एवढ्यावरच मी तिची बाई झाले आणि शेवटपर्यंत बाईच राहिले.

दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. 'सुप्रसिद्ध नेत्रतज्ज्ञ डॉ. गिरिजा मठपती यांचे निधन.' वाचलं आणि रडता रडता हसू आलं. गिरिजा असती तर तिनं पेपरवाल्यांना फोन केला असता. "अहो, मी डॉक्टर न्हाय की हो. मी डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढते. डॉक्टर वेगळे, मी वेगळी," हे तिनं साऱ्या आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल! महिला मंडळाच्या एका सत्कारात सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं तिला तीनदा डॉक्टर म्हटलं, तेव्हा हिनं भाषणाला उभं राहून पहिली पाच मिनिटं आपण डॉक्टर कशा नाही हेच समजावलं होतं. लोकांना वाटायचं, विनय आहे. तो विनय नव्हता. त्यामागं काय होतं ते मला ठाऊक आहे. तिला जाऊन आता दीड महिना होत आला. म्हटलं, ते लिहून ठेवावं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. दुष्काळ सरून एखादं वर्ष झालं असेल. आम्ही सोलापुरात साखर पेठेत एका घराच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. खालची रस्त्यालगतची खोली बरेच दिवस रिकामी होती. एके दिवशी दुपारी शाळेतून आले तर खाली एक उंच, सावळी, दोन वेण्या घातलेली मुलगी हातात दोरी घेऊन या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मापं काढत होती. मला बघून म्हणाली, "तुमी वर राहता का? ही खोली थोडी आखूड पडतेय की." मला कळेना, राहायला येणारी मुलगी खोलीची लांबी दोरीनं का मोजते. तिनं सांगितलं, पुण्याला जाऊन ती डोळे तपासण्याचा कोर्स करून आली आहे. नजर तपासायची तर अक्षरांचा तक्ता माणसापासून वीस फूट लांब हवा. मग आपणच थोडा विचार करून म्हणाली, "असू दे. समोर आरसा लावते. तक्ता माणसाच्या डोक्यामागं, आणि माणूस आरशात बघणार. झाली की लांबी दुप्पट!" आरशात अक्षरं उलटी दिसतात, म्हणून तक्ता मुळातच उलटा रंगवून घ्यावा लागला. रंगाऱ्यानं तो तीनदा चुकवला. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दुसरा एक तक्ता होता, तीन दातांच्या फणीसारखी खूण, कधी वर तोंड केलेली, कधी खाली, कधी आडवी. फणीचे दात कुणीकडं आहेत ते हातानं दाखवायचं.

गिरिजा अक्कलकोटची. वडिलांचं तिथं अडत दुकान, घरात कानडी, बाहेर मराठी. वडिलांना, म्हणजे अप्पांना, मुलगी डॉक्टर व्हावी असं फार वाटायचं. मार्क थोडक्यात हुकले. मग कुणीतरी या कोर्सची माहिती दिली आणि अप्पांनी घरातल्या सगळ्यांचा विरोध पत्करून तिला पाठवलं. परत आल्यावर मात्र त्यांनी अट घातली, वर्षभर बघायचं, चाललं तर चाललं, नाही तर लग्नाचं बघायचं. ती सोलापुरात आत्याकडं राहायची आणि दिवसभर त्या खोलीत बसायची. दुपारचा डबा घेऊन माडीवर आमच्याकडं यायची. आमच्या दारासमोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिचं आमच्याकडं जेवणं आत्याच्या घरी चाललं नसतं, हे मला कळत होतं, तिलाही कळत होतं. तिनं पहिल्याच दिवशी माझ्या ताटातली शेंगाचटणी बोटानं उचलून चाखली आणि म्हणाली, "बाई, तिखट कमी हाय." तो विषय तिथंच संपला.

दारावर तिनं पाटी लावली होती, 'गिरिजा मठपती – दृष्टितपासणी'. पहिला आठवडा कुणीच फिरकलं नाही. मग एक बाई आली, काखेत तान्हं मूल, पदराच्या टोकाला मीठ-मोहऱ्या बांधलेल्या. "बाळाची दृष्ट काढायची हाय. दूध पिईना झालंय." गिरिजा म्हणाली, "मावशी, मी दृष्ट न्हाय काढत. दृष्टी बघते." "तेच की!" म्हणून बाईनं मूल तिच्या मांडीवर दिलंसुद्धा. गिरिजानं छोटी बॅटरी काढली, बाळाच्या डोळ्यांसमोरून उजेड इकडून तिकडं फिरवला. बाळ मान वळवून वळवून बघत राहिलं आणि हसलं. "नजर छान हाय बाळाची," गिरिजानं सांगितलं. बाई समाधानानं गेली. तो तिचा पहिला पेशंट. वर येऊन तिनं मला हे सांगितलं आणि आम्ही दोघी पोट दुखेपर्यंत हसलो. पण हसून झाल्यावर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. "बाई, लोकांना मी कोण हाय तेच कळत न्हाय. कोर्समध्ये सगळं शिकवलं, पण आपण कोण म्हणून सांगायचं ते न्हाय शिकवलं."

तिचं खरं होतं. ज्यांचे डोळे दुखत ते डॉक्टरांकडं जात. ज्यांना चष्मा हवा ते नव्या पेठेतल्या दुकानात जात, तिथं नंबर फुकट काढून मिळे. मध्येच या मुलीकडं कुणी का यावं? ती अशाच एका दुकानात भेटायला गेली. मालक चांगलं बोलला, चहा पाजला. "ताई, माझ्याकडं बसा. पंखा हाय, गिऱ्हाईक हाय. फक्त एकच सांगतो, आत आलेला माणूस चष्मा घेतल्याबिगर बाहेर जाता कामा नये." तिनं विचारलं, "आणि नंबर नसला तर?" "तर साधी काच घालायची. उन्हाला बरी असते की!" ती उठून आली. तिथून ती डोळ्यांच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांकडं गेली. उद्या कुणाच्या डोळ्यात काही रोग दिसला, तर तुमच्याकडं पाठवीन, एवढंच तिला सांगायचं होतं. डॉक्टरांनी तिला उभ्या उभ्याच ऐकून घेतलं. "तुम्ही चष्म्याचं बघा. रोग आहे की नाही हे सांगायच्या भानगडीत पडू नका. मागाहून आम्हाला निस्तरावं लागतं." डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी बरंच निस्तरलं असणार. पण गिरिजा परत आली ती एक प्रश्न घेऊन, आणि तो तिनं मलाच विचारला, जसं काही मला उत्तर माहीत होतं. "माझ्याकडं जो येईल तो चष्म्याचा की रोगाचा, हे आधी कुणीतरी ठरवायला नको का, बाई? का तो पेशंट स्वतः ठरवून येणार?"

हळूहळू चार माणसं यायला लागली. त्यात जोडभावी पेठेतल्या एका व्यापाऱ्याची बायको होती, नीलम्मा. पन्नाशीची, गोरी, अंगानं भरलेली, फक्त कानडी बोलणारी. गिरिजा कानडीत बोलते म्हणूनच ती आली होती. तिला लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसत नव्हतं, म्हणून गिरिजानं तिला वर एक आणि खाली एक अशा दोन नंबरांचा चष्मा दिला. चारच दिवसांत तिचा नवरा चौकात उभा राहून ओरडत होता, "त्या पोरीनं आमच्या घरातलीचे डोळे बिघडवले!" नीलम्मा जिन्यावरून पडली होती. शेवटची पायरी आहे तिथं नाही असं वाटून तिचा पाय चुकला, ती खाली आदळली आणि गुडघा सुजला. ही बातमी पेठेत पसरायला वेळ लागला नाही. गिरिजानं तो चष्मा मागवून घेतला, काच पुन्हा तपासली. नंबर बरोबर होता. "नंबर बरोबर हाय. मग चुकलं काय?" असं म्हणत तिनं स्वतःच्या डोळ्यांवर तसाच चष्मा चढवला आणि आमचा जिना उतरायला लागली. दुसऱ्याच पायरीवर तिनं कठडा घट्ट धरला. खाली बघायला गेलं की नजर चष्म्याच्या खालच्या, जवळच्या काचेतून जाते आणि पायरी धूसर होऊन वर आल्यासारखी वाटते. "बाई, हे मला कुणी सांगितलंच न्हाय की!" ती जिन्यात बसून मोठ्यानं म्हणाली, आणि त्या आवाजात चिडण्यापेक्षा सापडल्याचा आनंद जास्त होता.

त्याच संध्याकाळी ती मला सोबत घेऊन नीलम्माच्या घरी गेली. नवरा दारातच बसला होता, तो काही बोलायच्या आत ही सरळ आत गेली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर नीलम्माशेजारी बसली. हनुवटी खाली घ्यायची, वरच्या काचेतून पायरीकडं बघायचं, मगच पाऊल टाकायचं. "मेल्लग, मेल्लग," हळू, हळू, असं कानडीत म्हणत तिनं त्या बाईचा हात धरून तिला खाली उतरवलं, वर नेलं, पुन्हा उतरवलं. चौथ्या खेपेला नीलम्मा हात सोडून एकटी उतरली आणि खाली आल्यावर लहान मुलीसारखी खुदकन हसली. नवऱ्यानं काही माफी वगैरे मागितली नाही. पण पुढच्या महिन्यात तो स्वतःच नंबर काढायला आला. त्यानंतर मात्र दोन नंबरांचा चष्मा घेणाऱ्या प्रत्येकाला गिरिजा आधी आमच्या जिन्यावरून वर-खाली करायला लावायची. मी स्वयंपाक करत असताना एखादा अनोळखी म्हातारा दारात येऊन उभा राहायचा, मान खाली घालून, आणि "जमलं, जमलं" म्हणत परत उतरायचा.

आमच्या गल्लीत घरोघरी बिड्या वळल्या जात. विणकरांच्या घरातल्या तेलुगू बोलणाऱ्या बायका, पुरुष मागावर आणि या उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन. माझ्या वर्गातल्या मुलांच्या आया त्याच. चाळिशी ओलांडली की पानाची शीर आणि दोरा दिसेनासा व्हायचा, बिडी सैल वळली जायची आणि कारखान्यात तपासणीला गेली की छाट म्हणून बाजूला पडायची. एकीनं नव्या पेठेतून चष्मा आणला होता, तो डोकं दुखतं म्हणून फडताळात पडला होता. गिरिजा तिच्या उंबऱ्यात जाऊन बसली. नुसती बघत राहिली. मग तिनं आपली वीत त्या बाईच्या डोळ्यांपासून मांडीवरच्या सुपापर्यंत लावली. "हे पेपर वाचायचं अंतर न्हाय, बाई," ती मला म्हणाली, "दुकानात पेपर हातात देऊन नंबर काढतात. ही तर त्याहून लांब, पार मांडीत बघते." तिनं मांडीच्या अंतराचा नंबर दिला. त्या बाईच्या बिड्या छाट होईनात, आणि महिन्याभरात खालच्या खोलीसमोर बायकांची रांग लागायला लागली. कुणी सूप घेऊनच यायची, बाकावर बसल्या बसल्या पानं कापत. अप्पा एकदा अक्कलकोटहून आले, रांग बघितली, बाकावर टोकाला बसले आणि आपली पाळी आल्यावर मुलीकडून नंबर काढून घेऊन गेले. तेव्हा वाटलं होतं, आता सगळं सुरळीत झालं...

त्या रांगेत नरसम्मा होती. आमच्यापासून चार घरं सोडून राहायची. उंचीनं लहान, आवाजानं मोठी, कपाळाला ठसठशीत कुंकू. सगळ्या बायकांना हिनंच हाताला धरून आणलं होतं. तिचा स्वतःचा चष्मा मात्र दोन-तीन महिन्यांत बिनसला. "पोरी, तू चांगली हाय, पण तुजी काच चांगली न्हाय," तिनं खोलीत पाय ठेवतानाच सांगितलं. गिरिजानं तपासलं, नंबर थोडा बदलला होता. काच बदलून दिली. पुन्हा काही महिन्यांनी तीच तक्रार. पुन्हा नंबर बदललेला. पुन्हा काच. फणीचे दात नरसम्मा अगदी खालच्या ओळीपर्यंत बरोबर दाखवायची, त्यामुळं गिरिजाला शंका आली नाही. तिसऱ्या वेळी मी खोलीतच होते. नरसम्मा तपासून झाल्यावर उठली, दाराकडं निघाली आणि तिचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. "हे दार तुजं लई अरुंद," ती खांदा चोळत म्हणाली. मी हसले. गिरिजा हसली नाही. "नरसम्मा, असं घरी पण लागतं का कुटं?" "लागतंय की. रोज लागतंय. म्हातारी झाले न्हवं?"

गिरिजानं तिला परत खुर्चीवर बसवलं. एक-एक डोळा झाकायला लावून बाजूनं हात पुढं आणत राहिली, दिसला की सांगा म्हणून. डाव्या डोळ्याला तो हात जवळजवळ नाकासमोर येईपर्यंत दिसलाच नाही. समोरचं तेवढं स्वच्छ आणि बाजूचं सगळं गेलेलं, जणू नळीतून बघावं तसं. खोलीला कुलूप लावून ती नरसम्माला रिक्षात घालून थेट त्याच डॉक्टरांकडं घेऊन गेली. काचबिंदू निघाला. डाव्या डोळ्याचं बरंचसं गेलं होतं, ते परत येणार नव्हतं. उजवा डोळा औषधानं राखता येण्यासारखा होता. नरसम्माला आत बसवून डॉक्टर बाहेर आले आणि गिरिजाला म्हणाले, "चष्म्याचा नंबर असा सारखा बदलतो तेव्हाच ओळखायचं असतं. आधी आणलं असतंत तर..."

त्यानंतर आठवडाभर खालची खोली उघडली नाही. आत्यानं निरोप धाडला असावा, अप्पा आले. ती आमच्याकडंच माडीवर भिंतीला टेकून बसली होती. अप्पांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि हळूच म्हणाले, "साकव्वा, मनीगे नडी." पुरे झालं, घरी चल. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते ऐकवेना. मी त्यांना चहा दिला. आमच्या घरचा चहा ते पहिल्यांदाच प्याले, हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मग गिरिजा म्हणाली, "अप्पा, घरी येते. पण आधी तिला सांगून येते." "काय सांगणार?" "काय झालं ते."

मी तिला म्हटलं, डॉक्टरांनी काही सांगितलेलं नाही, नरसम्माला तर वाटतंय तूच तिला वाचवलंस, मग कशाला? ती जिना उतरायला लागलीसुद्धा. मी चप्पल घातली आणि तिच्यासोबत निघाले. नरसम्मा उंबऱ्यात पानं कापत बसली होती, मान एका बाजूला वळवून. मागं तिची सून भाकऱ्या थापत होती. गिरिजा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि सरळ बोलली, "नरसम्मा, तुमी दुसऱ्यांदा आला तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. मी ते शिकले होते. तरी मी काच बदलत बसले. तेव्हा डॉक्टरांकडं नेलं असतं तर कदाचित डावा डोळा इतका गेला नसता." सुनेचे हात परातीत थांबले. ती तेलुगूत काहीतरी फाडकन बोलली, त्यातला राग कळायला तेलुगू यायची गरज नव्हती. नरसम्मानं हात वर करून तिला गप्प केलं. कात्री खाली ठेवली. तिनं गिरिजाला माफ केलं असं मी म्हणणार नाही, तसं तिनं काहीच म्हटलं नाही. सुपातली पानं नीट लावली आणि एवढंच विचारलं, "आता बिडी करता येतेय का न्हाय?"

"येईल. उजवा डोळा राहिला तर येईल. पण डॉक्टरांनी दिलेले थेंब घालत राहायला लागतील. रोज, दिवसातनं तीन-चार वेळा. जन्मभर."

"ते थेंब घातलं की अंदार पडतोय," नरसम्मा कुरकुरली. "जीव नको होतोय. मी न्हाय घालणार."

"मी येऊन घालते."

"रोज?"

"रोज."

नरसम्मानं तिच्याकडं मान पूर्ण वळवून, अगदी निरखून बघितलं. "बघू की," म्हणाली, आणि कात्री पुन्हा उचलली.

अप्पा एकटेच अक्कलकोटला परत गेले. दुसऱ्या दिवशी गिरिजा पुन्हा त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात होती. तिनं मागणं मागितलं, आठवड्यातले काही दिवस सकाळी तुमच्या खोलीत कोपऱ्यात उभी राहीन, तुम्ही डोळे बघता ते बघीन, बाकी काही नको. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या कोर्समध्ये हे शिकवत नाहीत का?" ती म्हणाली, "शिकवतात, सर. पण पुस्तकात कुणी दाराला धडकत नव्हतं." हे तिनं मला नंतर सांगितलं, डॉक्टर त्यावर हसले की नाही ते मात्र तिला आठवत नव्हतं. पण त्यांनी तिला उभं राहू दिलं. सुरुवातीला ते तिच्याशी बोलतच नसत. पुढं पुढं एखादा डोळा तपासून झाला की यंत्रापासून बाजूला सरकत आणि म्हणत, "बघा, काय दिसतं?" ती सांगे. चुकली तर ते पुन्हा बघायला लावत. अशी ती दोनेक वर्षं जात राहिली. तिनं धाडलेल्या पेशंटना ते नंतर रांगेत थांबवेनासे झाले. 'मठपतीबाईंनी पाठवलंय' एवढं पुरे असे. मी डॉक्टर नाही हे ती सगळ्यांना इतकं ठासून का सांगायची, ते आता वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. आपलं काम कुठं संपतं आणि पेशंटला दुसऱ्या कुणाच्या हातात कधी द्यायचं, हे तिला एका बाईच्या डोळ्यानं शिकवलं होतं, आणि ते ती विसरायला तयार नव्हती.

नरसम्माच्या घरी ती सकाळी जायची, दुपारी जायची, संध्याकाळी खोली बंद करून जायची. सून पहिले कित्येक दिवस तिच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी थेंब घालून झाल्यावर तिनं गिरिजासमोर पाट सरकवला आणि "बस," म्हणाली. काही महिन्यांनी सूनच थेंब घालायला शिकली. पण गिरिजा तरी जायचीच, नंतर दिवसाआड, मग आठवड्याला. पुढं लग्न झालं, तरी पाटीवर नाव मठपतीच राहिलं; नवऱ्याची, शिवानंदरावांची, मोडनिंबच्या बँकेत बदली झाली तेव्हा तिनं तिकडं बिऱ्हाड हलवायला साफ नकार दिला. ते रोज एसटीनं जाऊन-येऊन करत आणि गमतीनं म्हणत, "मी नरसम्माचा जावई आहे." नरसम्माचा उजवा डोळा राहिला. ती म्हातारी होईपर्यंत बिड्या वळत राहिली, आणि हात थकल्यावर खालच्या खोलीतल्या बाकावर येऊन बसायची. नवा पेशंट आला की त्याला आपल्या मोठ्या आवाजात विचारायची, "कुटं धडकतोस का रे? खरं सांग!" काही माणसं घाबरून परत जायची. गिरिजानं तिला कधी गप्प केलं नाही.

शेवटची भेट झाली ती माझ्याच घरी. माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि ती बघायला आली होती. तिचं हृदय थकलं होतं, माडी चढायला वेळ लागला, चढून आल्यावर बोलायला आणखी वेळ लागला. तिनं सोबत आणलेली कडक भाकरी मोडून दिली, मी चटणी काढली. जाताना म्हणाली, "थेंब वेळेवर घाला, बाई. मी रोज येणार न्हाय आता."

परवा उमाकडं गेले होते. ऑपरेशननंतर नवा नंबर काढायचा होता. उमा आईचंच काम करते, कोर्स आता मोठा झालाय, खोलीही मोठी आहे. एका यंत्रात हनुवटी ठेवली की नंबर आपोआप कागदावर येतो, दुसऱ्या यंत्रात डोळ्याच्या आतलं सगळं पडद्यावर दिसतं. हे सगळं झालं. मला वाटलं, संपलं, उठावं. तेवढ्यात उमा आपलं स्टूल ओढून माझ्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. नरसम्मानंतर गिरिजा प्रत्येकासमोर अशीच बसायची. लहान मूल असो, म्हातारा असो, फक्त चष्म्याची दांडी बदलायला आलेला असो. यंत्रं आली तरी तिनं ते सोडलं नाही. लेकीलाही सोडू दिलं नसणार. "एक डोळा झाका, बाई. माझ्या नाकाकडं बघा. बाजूचं बोट हललं की सांगा." आवाज उमाचा होता, शब्द मात्र तेच, त्याच क्रमानं. तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. मी तिच्या नाकाकडं बघत राहिले, आणि मला ना बोट दिसेना, ना नाक... सगळं पाण्यात बुडालं. यंत्रांच्या त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"डोळे पुसा, बाई," उमा म्हणाली. "मग करू. घाई न्हाय."

आणि दोन्ही हात हवेत तसेच पसरलेले ठेवून ती माझे डोळे कोरडे व्हायची वाट बघत बसून राहिली.